मुलीला ९१ टक्के पडले, पण कशात?

*एका वाचकाचं पत्र:*

मॅडम, मी मध्य रेल्वेत मोटरमन आहे. राहायला भांडुपला. मुलगी आयटी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली, तेव्हा माझी गाडी नाहूर-मुलुंडच्या मध्ये उभी राहिली होती. पुढे पेपरात ‘हा सायबर हल्ला होता का’ असं छापून आलं आणि तेव्हापासून पोरीच्या डोक्यात एकच, सैन्यात सायबरमध्ये जायचं. गेल्या महिन्यात एका क्लासने ‘डिफेन्स सायबर ॲप्टिट्यूड टेस्ट’ घेतली, फी साडेचार हजार. हिला ९१ टक्के पडले. आता ते म्हणतात, सव्वा लाखाचा कोर्स करा, सिलेक्शन पक्कं. प्रॉव्हिडंट फंडातून काढायची माझी तयारी आहे. पण ती खरंच त्या कामासाठी आहे का, हे ओळखायचं कसं? मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही.
— एक बाप, भांडुप

नमस्कार.

पैसे काढू नका. एवढं आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश वाचा.

‘मला काही कळत नाही’ असं तुम्ही लिहिलंय, ते काही मला पटलं नाही. मोटरमन व्हायच्या आधी तुम्ही ‘सायको’, म्हणजे मानसशास्त्रीय चाचणी, दिलीत ना? मग कलचाचणी म्हणजे काय, हे तुम्हाला त्या क्लासवाल्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे. आजही सहायक लोको पायलटच्या भरतीत त्या चाचण्यांचा नियम काय आहे? प्रत्येक चाचणीत किमान ४२ टी-स्कोअर (बाकीच्यांच्या तुलनेत काढलेले गुण). स्मरणशक्तीत ७० आणि एकाग्रतेत ४१ पडले, तर सरासरी काढून कुणी आत घेत नाही. एका ठिकाणी कमी तो बाहेर. आणि ते बरोबरच आहे, कारण लाल सिग्नलला गाडी थांबवताना तुमची स्मरणशक्ती एकाग्रतेची भरपाई करायला येत नाही.

आता मुलीचे ९१ टक्के त्या नजरेने बघा. कशाचे? गणिताचे किती, इंग्रजीचे किती, नेटवर्किंगच्या पाठांतराचे किती? तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या निकालाच्या फोटोत मला एक गोल आकडा, एक सोनेरी ढाल आणि खाली ‘एक्सलंट पोटेन्शियल’ एवढंच दिसलं. असा आकडा फी भरून घेण्यासाठी काढलेला असतो. (तीस वर्षं मुलांचा कल ओळखून सल्ला द्यायचं काम करतेय. फी घेऊन चाचणी दिलेल्या मुलाला ‘तू यासाठी नाहीस’ असं सांगणारा क्लास अजून माझ्या पाहण्यात यायचाय.)

जगात या विषयावर खरं काम झालेलं आहे. अमेरिकी सैन्याच्या भरतीत एक ‘सायबर टेस्ट’ असते. ती बुद्धीची चाचणी नाही, माहितीची आहे. नेटवर्क कसं चालतं, अमुक गोष्टीला काय म्हणतात, असे प्रश्न. वरवर हे विचित्र वाटतं, कारण माहिती तर शिकवता येते. पण त्यामागचा विचार मला फार आवडतो: ज्याला खरोखर ओढ आहे, त्याने कुणी न शिकवता यातलं बरंच काही आधीच उचललेलं असणार. म्हणजे ती चाचणी माहिती मोजते आणि तिच्या आडून ओढ ओळखते. अर्थात क्लास लावून तीच माहिती घोकून गेलात की चाचणीचा जीवच गेला. कोर्सविरुद्ध माझी पहिली तक्रार ही.

मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी याच्या पुढे जाऊन एक मांडणी केली. ती तुम्हाला रेल्वेच्या भाषेत सांगते. त्यांचं म्हणणं, ‘सायबरचं काम’ असं एक काम नसतंच. दोन प्रश्न विचारा. हे काम त्या क्षणी करायचं की सवडीने? आणि पहिली चाल आपली की समोरच्याची? याच्या चार जोड्या होतात आणि चारही ठिकाणी वेगवेगळ्या डोक्याचा माणूस लागतो. आलेल्या हल्ल्याला त्या क्षणी तोंड देणारा म्हणजे तुम्ही, केबिनमध्ये बसलेला मोटरमन. हल्ला होऊन गेल्यावर कॉम्प्युटर उघडून कण न् कण तपासणारा म्हणजे कारशेडमधला फिटर, ज्याला घाई करून चालत नाही. नवी साधनं बनवणारा म्हणजे गाडीचं डिझाइन करणारा इंजिनीअर. आणि चौथा, समोरच्याच्या यंत्रणेत स्वतःहून शिरणारा. त्याला रेल्वेत जोड नाही, असू पण नये. उत्तम फिटर उत्तम मोटरमन होईलच असं नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार! तुमच्या लेकीला यातलं काय व्हायचंय, हे तिला विचारलंत का? बहुतेक मुलं चौथ्याचं नाव घेतात. नोकऱ्या बहुतेक पहिल्यात आणि दुसऱ्यात असतात.

पहिल्या कामाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथेच मुलांचा भ्रमनिरास होतो. स्क्रीनसमोर रात्रपाळी. सतत इशारे येतात आणि त्यातले बहुतेक खोटे असतात. कुणी पासवर्ड विसरला, कुठे बॅकअप चालू झाला, कुणी नवा प्रिंटर लावला. पहाटे चारला आलेला एखादा इशारा खरा असतो आणि तोही दिसायला बाकीच्यांसारखाच. तुमच्या केबिनमध्ये एडब्ल्यूएसचा, म्हणजे सिग्नलचा इशारा देणाऱ्या यंत्रणेचा, बझर वाजतो तेव्हा तुम्ही बटण दाबता. सिग्नल बघून दाबता की हाताला सवय झाली म्हणून? प्रामाणिक मोटरमन सांगतात की हे दुसरं किती सहज होतं. सायबरच्या कामातला सगळ्यात मोठा धोका नेमका हाच आहे.

हा धोका पहिल्यांदा नीट मोजला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. ब्रिटिश हवाई दलाचे रडारवाले तासन्‌तास पडद्याकडे बघत असत आणि पाणबुड्यांच्या खुणा त्यांच्या नजरेतून निसटत. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी एक साधं घड्याळ बनवलं. काटा ठरावीक टप्प्याने पुढे सरकायचा, मधूनच कधीतरी एकदम दोन टप्पे उडी मारायचा. ती उडी दिसली की बटण दाबायचं. दोन तास. १९४८ मध्ये त्याने निष्कर्ष छापले: पहिल्या अर्ध्या तासातच माणसांच्या चुका ठळकपणे वाढू लागतात. आळशी माणसांच्या नव्हे, चांगल्या, तरुण, निवडून घेतलेल्या माणसांच्या.

तर तुमच्या मुलीने कोडी किती पटापट सोडवली यात मला फारसा रस नाही. काहीच घडत नसताना ती कशी बसते, हे मला बघायचंय.

माझ्याकडे दादरच्या ऑफिसात एक कागदांचा गठ्ठा आहे. आठ पानं, साधारण पाचशे ओळी. एका काल्पनिक ऑफिसच्या लॉगिनच्या नोंदी: वेळ, कर्मचारी क्रमांक, कुठल्या मशीनवरून, जमलं की चुकलं. सैन्यात सिग्नल्समधून, म्हणजे संपर्क यंत्रणा सांभाळणाऱ्या शाखेतून, निवृत्त झालेल्या एका मित्राने मला तो बनवून दिला. मुलाला पेन देते आणि सांगते, ‘यात काही खटकतंय का बघ. वेळेचं बंधन नाही.’

त्यात दोन गोष्टी पेरलेल्या आहेत. एक ठळक: पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी सात वेळा चुकलेला पासवर्ड आणि आठव्यांदा आत. दुसरी मुकी: एक कर्मचारी रोज दुपारी १ वाजून ३० मिनिटं शून्य सेकंदाला लॉगिन करतो. रोज. शून्य सेकंद. माणूस डबा खाऊन जागेवर येताना सेकंद पाळत नाही, मशीन पाळतं. शिवाय दुसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय की तो कर्मचारी महिनाभर रजेवर आहे.

मागच्या उन्हाळ्यात एक मुलगा आला होता. हुशार, बोलका, हॅकेथॉनची तीन पदकं. चार मिनिटांत पहाटेची ओळ शोधली, पेनचं टोपण लावलं आणि म्हणाला, ‘झालं.’ मी म्हटलं, अजून काही? ‘नाही, हाच अटॅक.’ त्याच आठवड्यात विक्रोळीची एक मुलगी आली. पन्नास मिनिटं बसली. मध्ये पाणी प्यायली, एकदा उठून खिडकीपर्यंत गेली, परत पहिल्या पानावर आली. शेवटी तिने दोन्ही ओळींना खूण केली आणि समासात पेन्सिलीने लिहिलं: ‘३.१२ वालं कुणी झोपेतून उठून पासवर्ड विसरलेला पण असू शकतो, विचारून बघायला हवं. १.३० वालं जास्त गडबड वाटतंय, पण बॅकअप असेल तर माहीत नाही.’

त्या ‘माहीत नाही’ला मी सगळ्यात जास्त गुण देते. तुम्ही लिहिलेल्या १२ ऑक्टोबरचंच बघा. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखवली आणि केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं की ती मानवी चूक होती, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही. ज्या घटनेमुळे तुमची लेक या वाटेला लागली, त्या घटनेबद्दलच असे दोन दावे आहेत. तिला एकदा विचारा, ‘त्या दिवशी नक्की काय झालं होतं?’ तिने ठोकून ‘चीनने केलं’ म्हटलं तर तिला अजून शिकायचंय. ‘बाबा, याला पुरावा काय होता ते बघावं लागेल’ म्हणाली तर मला फोन करा, मी पेढे आणते. उलट २०१७ च्या जूनमधलं उरणच्या जेएनपीटी बंदराचं प्रकरण स्पष्ट आहे: नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने जगभर मर्स्क या जहाज कंपनीचं कामकाज कोलमडलं, तेव्हा तिथलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही अडकलं. कुठे पुरावा आहे आणि कुठे संशय, ही रेघ ओढता येणं म्हणजे या कामाची अर्धी लायकी.

आता क्लासवाल्यांच्या ‘सिलेक्शन पक्कं’कडे येते. कशाचं सिलेक्शन? आपल्याकडे पदवीधर मुलीला अधिकारी म्हणून आत जायचं तर दारावर सायबरची वेगळी कलचाचणी नसते. ब्रिटनचा लष्करी सायबर कलचाचणीचा वेगळा प्रकार आहे आणि २०२५ मध्ये त्यांनी सायबरसाठी थेट भरतीही सुरू केली, मूलभूत प्रशिक्षण सुमारे महिन्याभरावर आणून. आपलं तसं नाही. आपल्याकडे आधी वर्दी, मग काम.

नौदलात एक्झिक्युटिव्ह शाखेत माहिती तंत्रज्ञानाची शॉर्ट सर्व्हिस एंट्री आहे, अलीकडच्या जाहिराती मुलींसाठीही खुल्या आहेत. तुमच्या मुलीला सगळ्यात जवळची वाट ती. लेखी परीक्षा नाही, पदवीच्या गुणांवर एसएसबीचं, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाचं, बोलावणं येतं. पण दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ६० टक्के लागतात, ती मार्कशीट आजच कपाटातून काढून बघा. प्रशिक्षण केरळात एळिमलाला, नोकरी सुरुवातीला १० वर्षांची. सैन्यदलात टेक्निकल शॉर्ट सर्व्हिस आहे, तीही गुणांवर. तिथून सिग्नल्स कोअर मिळाली तर महूच्या कॉलेजात दूरसंचार आणि सायबरचं शिक्षण होतं. ‘मिळाली तर’ हे शब्द दोनदा वाचा. कोअर तुमची पसंती, गुणवत्ता आणि सैन्याची गरज बघून ठरते. दिल्लीची डिफेन्स सायबर एजन्सी २०१९ पासून तिन्ही दलांची मिळून आहे आणि तिथलं मनुष्यबळ दलांमधूनच येतं. कॉलेजातून उठून थेट तिथे, असं नाही.

आणि एसएसबीच्या पाच दिवसांत भर कॉम्प्युटरच्या ज्ञानावर नसतो. चित्र बघून गोष्ट लिहा, पंधरा सेकंदांना एक असे साठ शब्द, प्रत्येकावर मनात येईल ते वाक्य लिहा, तीस मिनिटांत साठ प्रसंगांवर ‘तुम्ही काय कराल’ ते सांगा, मैदानात दोरी-फळ्या घेऊन गटाने नाला ओलांडा. तिथे ‘ही मुलगी माणसं सांभाळेल का’ हे बघतात. त्यासाठी सव्वा लाखाची गरज नाही. एसएसबीचं बोलावणं आलं की मुंबई उपनगरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. नाशिकरोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे एसएसबीचा वर्ग राहण्या-जेवणासकट फुकट असतो. कॉलेजात एनसीसी असेल आणि तिने ‘सी’ प्रमाणपत्र काढलं, तर उत्तमच.

म्हणून तिला विचारायचा खरा प्रश्न असा: सायबर मिळालं नाही, सीमेवरच्या एखाद्या तुकडीचं रेडिओ-केबलचं काम गळ्यात पडलं, तरी जाशील? यावर ती आठवडाभर विचार करत राहिली तरी चालेल. लगेच ‘हो’ म्हणाली तर मी जरा साशंक असेन.

घरी काय करायचं ते सांगते. ‘पिकोसीटीएफ’ आणि ‘ओव्हरदवायर’वरचा ‘बँडिट’ हे दोन्ही सरावाचे खेळ इंटरनेटवर फुकट आहेत, तिला माहीत असतील. महिनाभर तिने रोज एक तास बँडिट खेळावं, उत्तरं न शोधता. आणि एक दोनशे पानी वही ठेवावी: आज काय करून बघितलं, का चुकलं. वही तुम्ही वाचायची. तांत्रिक काही कळलं नाही तरी हरकत नाही, तुम्हाला फक्त हे बघायचंय की अडली त्या दिवशी वहीत किती ओळी आहेत. जिंकलेल्या दिवशी पान भरून आणि अडलेल्या दिवशी कोरं, असं दिसलं तर सावध व्हा. अडलेल्या दिवशी तीन पानं आणि तिसऱ्यावर शाई फुटेपर्यंत खाडाखोड असेल तर पोरीला जेवायला हाक मारा, ती विसरली असेल.

रविवारी तिने आठवड्यातली एक गोष्ट तुम्हाला मराठीत समजावून सांगायची. तुम्हाला कळेपर्यंत. दोन्ही परदेशी चाचण्यांपेक्षा ही मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण पहाटे चारला जे दिसलं ते झोपेतून उठवलेल्या वरिष्ठाला दोन वाक्यांत सांगणं हे त्या नोकरीतलं रोजचं काम आहे. तुम्ही कंट्रोलला फॉल्ट कळवता तसं. मुद्दाम आडवे प्रश्न विचारा. ती चिडते का बघा.

एक नाजूक गोष्ट. तिने कधी दुसऱ्याच्या खात्यात, कॉलेजच्या पोर्टलमध्ये ‘सहज गंमत म्हणून’ डोकावलंय का, हे तिला शांतपणे विचारा, ओरडायला नव्हे. माझ्याकडे येणारे बरेच मुलगे हे छाती फुगवून सांगतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि पोलिस पडताळणीत असली नोंद निघाली की वर्दीचा विषयच संपतो. सराव करायचा तो सरावासाठी बांधलेल्या ठिकाणी, किंवा घरच्या वायफायवर, स्वतःच्या मशीनवर.

फोनबद्दलही बोला. २०२० च्या जुलैमध्ये सैन्याने जवान-अधिकाऱ्यांना फेसबुक, इन्स्टाग्रामसकट ८९ ॲप काढून टाकायला सांगितली होती. वीस वर्षांच्या मुलीला हे काय वाटतं? आणि दिवसभर काय केलंस, हे ती तुम्हाला पुढे कधीच सांगू शकणार नाही. तुम्हाला ते चालेल का? हा प्रश्न तिच्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. आईसाठी जास्त.

वर्दी नाही जमली तरी डोकं वाया जात नाही. गेट परीक्षेच्या गुणांवर डीआरडीओ (संरक्षण संशोधन संस्था) आहे, देशाच्या सायबर सुरक्षेचं काम बघणारी सर्ट-इन आहे, बीकेसीतल्या बँकांना असली माणसं कायम हवी असतात. पण त्याबद्दल मुलगी विचारेल तेव्हा लिहीन, आत्ता तुम्ही ते विचारलेलं नाही.

क्लासवाल्यांना एक चिठ्ठी लिहा: ९१ टक्क्यांची विषयवार फोड लेखी द्या, आणि आजवर तुमच्या कोर्समधून कोण, कुठल्या एंट्रीतून, कुठल्या वर्षी लागलं ते सांगा. उत्तर आलं तर मलाही दाखवा.

माझा आठ पानांचा गठ्ठा पोस्टाने पाठवतेय. वर सगळं फोडून सांगितलंय, त्यामुळे मित्राने त्यात दोन नव्या गोष्टी पेरल्यात, त्या मलाही सांगितलेल्या नाहीत. एक प्रत मुलीला द्या, एक तुमच्यासाठी आहे. रेस्टच्या दिवशी बसा. तुमचा अंदाज काय येतो, ते मला मुलीच्या उत्तराइतकंच वाचायचंय.